फोटोग्राफर फाळके

यंदाच्या वार्षिकांकासाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून आणा असे मराठीच्या सरांनी वर्गात सांगितले, तेव्हा मुलींनी सावित्रीबाई आणि अहिल्याबाई, मुलांनी शिवाजी महाराज, गाडगेबाबा आणि बाबासाहेब भराभर वाटून घेतले. आसेगावहून येणारी एस. टी. त्या दिवशी उशिरा आली. मी वर्गात पोचले तेव्हा फळ्यावर एकच नाव उरले होते, दादासाहेब फाळके.

खरे सांगायचे तर पहिला भारतीय चित्रपट त्यांनी काढला एवढेच मला माहीत होते, आणि तेही स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातले एका ओळीचे उत्तर म्हणून. मग ग्रंथालयातून पुस्तके काढली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे घरी कोणाला विचारावे अशी सोय नव्हती. वाचता वाचता एका जागी मात्र मी थबकले. बडोद्याला फाळक्यांचा फोटोचा धंदा बसला, कारण कॅमेरा माणसातली शक्ती ओढून घेतो, फोटो काढला की आयुष्य कमी होते, असा लोकांचा समज होता. आता हे तर मी आजीच्या तोंडून ऐकतच लहानाची मोठी झाले होते! म्हणून या लेखात सिनेमावाले फाळके थोडे मागे राहतील आणि फोटोग्राफर फाळके पुढे येतील. जाणकारांनी क्षमा करावी.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. मुलानेही पूजापाठ आणि शास्त्र शिकावे असे ते घर. पण वडील अध्यापनासाठी मुंबईला आले आणि १८८५ साली मुलगा जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकू लागला. पुढे वडील भावाबरोबर तो बडोद्याला गेला. तेथे महाराज सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने कलाभवन निघाले होते आणि त्र्यंबक कल्याणदास गज्जर हे त्याचे प्रमुख होते. फाळके तेथे तैलरंग, जलरंग, मूर्तिकाम, वास्तुरचना असे सारे शिकले. नाट्यगृहाचा एक नमुना त्यांनी केला, त्याला १८९२ च्या अहमदाबादच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले. याच वर्षांत त्यांच्या हाती कॅमेरा आला.

फोटोग्राफी तेव्हा आपल्याकडे अगदी नवी होती असे नव्हे. मुंबईत फोटोग्राफीची संस्था १८५४ सालीच निघाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तेव्हाचे नामांकित फोटोग्राफर होते. पण ती श्रीमंतांची, डॉक्टरांची, साहेबांची गोष्ट. शास्त्र्याच्या मुलाने पोट भरण्यासाठी कॅमेरा घ्यावा हे निराळे. त्या काळी फोटो म्हणजे काचेची पाटी. तिच्यावर चांदीच्या क्षाराचा लेप असे. तिपाईवर लाकडी पेटी ठेवायची, डोक्यावरून काळे कापड घ्यायचे, आणि समोरच्या माणसाने हलायचे नाही. मग अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याच्या उजेडात ती काच रसायनात बुडवायची. त्यात चित्र उलटे उमटे, गोरे ते काळे आणि काळे ते गोरे. त्यावरून कागदावर सुलटी प्रत काढायची. मी हे वाचले तेव्हा वाटले, ज्यांनी ही अंधारी खोली बाहेरूनच पाहिली त्यांना भीती वाटली यात नवल ते काय?

गज्जरांनी फाळक्यांची चिकाटी ओळखून त्यांना रतलामला पाठवले. तेथे ते फोटोवरून छपाईचे ठसे करायला शिकले. फोटो छापायचा तर त्यातल्या सावल्यांचे बारीक ठिपक्यांत तुकडे करावे लागतात. वर्तमानपत्रातला फोटो डोळ्याजवळ धरला की ते ठिपके दिसतात. रंगीत चित्रासाठी तीन वेगळ्या काचांतून तीन निगेटिव्ह काढायच्या आणि पिवळी, तांबडी, निळी अशी तीन शाईची छपाई एकावर एक अचूक बसवायची. केसभर सरकले की देवाचे ओठ गालावर जातात. हे सारे फाळक्यांनी हाताने केले. यंत्र आतून कसे चालते ते कळल्याखेरीज त्याला हात लावायचा नाही, आणि कळले की सोडायचे नाही, हा स्वभाव त्यांच्यात शेवटपर्यंत दिसतो.

१८९५ च्या सुमारास ते गोध्र्याला गेले आणि तेथे फोटोचे दुकान थाटले. आणि १९०० साली प्लेग आला. त्यात त्यांची पत्नी गेली, मूलही गेले. पुस्तकांत ही गोष्ट एकाच वाक्यात उरकलेली आहे. मी मात्र त्या वाक्यावर बराच वेळ होते. दिवसभर दुसऱ्यांच्या बायकामुलांना समोर बसवून त्यांचे चेहरे काचेवर धरणारा हा माणूस, तीसच वर्षांचा, आणि घरातली दोन माणसे अशी हातातून गेली.

ते बडोद्याला परतले, पुन्हा दुकान घातले, आणि तेथे ती अफवा आडवी आली. सामान्य माणसांचे सोडा, राजघराण्यातला राजपुत्रही फोटोला बसायला तयार होईना. फाळक्यांनी दरबारात जाऊन फोटोचे फायदे समजावून सांगितले आणि त्याचे मन वळवले. राजपुत्र बसला, पण गिऱ्हाईक काही आले नाही. राजाला पटले म्हणून रयतेला पटतेच असे नाही.

आता आजीचे सांगते. आमच्या आजीने उभ्या जन्मात राजीखुशीने फोटो काढू दिला नाही. आजोबांचा फोटो नाही. आत्याच्या लग्नात फोटोवाला आला होता, त्या फोटोत आजीच्या जागी पदराचा नुसता गोळा दिसतो. तिची समजूत अशी की माणसाची सावली कागदावर गेली की तेवढे माणूस कमी होते. तिच्या एका धाकट्या भावाचा जत्रेत फोटो काढला होता आणि तो वर्षभरात तापाने गेला, हा तिचा पुरावा. शाळेत शिकले म्हणून मी तिच्याशी पुष्कळ वाद घातला. फाळक्यांनी दरबारात घातला असेल तसाच! पण आधारकार्ड काढायची वेळ आली तेव्हा मात्र ती मुकाट्याने त्या पांढऱ्या पडद्यापुढे जाऊन बसली. कार्डाशिवाय धान्य मिळणार नाही असे तिला कोणीतरी सांगितले होते. जे फाळक्यांच्या युक्तिवादाला जमले नाही ते रेशनच्या गव्हाने केले.

कोरोनाच्या वर्षी शाळा बंद पडल्या तेव्हा बाबांनी सोयाबीन विकून घरात पहिला मोबाईल आणला, माझ्या अभ्यासासाठी. त्या मोबाईलवर मी पुढे एक फोटो काढला. पौषातली सकाळ होती. आजी अंगणात सुपाने तूर पाखडत होती, उन्हात भुसा उडत होता आणि तिचे लक्ष नव्हते. तिला न विचारता काढला. त्याच वर्षी आखाडात आजी गेली. वय झाले होते, दमा होता, हे मला कळते. पण तेराव्याला आलेल्या एका बाईने सहज विचारले की बुढीचा फोटू कोणी काढला होता काय, तेव्हा माझ्या छातीत जे झाले ते कोणत्याही विज्ञानाच्या पुस्तकाने झाले नसते असे नाही. असो. मला येथे फाळक्यांविषयी लिहायचे आहे.

दुकान बसल्यावर फाळके नाटक कंपन्यांचे पडदे रंगवू लागले. राजवाडा, अरण्य, नदीकाठ. तेथे त्यांना नाटकाची ओळख झाली. एका जर्मन जादूगाराकडून ते हातचलाखी शिकले आणि आपलेच आडनाव फिरवून प्रोफेसर केल्फा या नावाने खेळ करू लागले. वाचताना मला हसू आले, पण यात एक मोठी गंमत आहे. लोक ज्या यंत्राला जादू समजून भीत होते त्या यंत्राचा जाणकार आता तिकीट लावून खरीखुरी जादू दाखवत होता, आणि तिला मात्र कोणी भीत नव्हते.

१९०२ मध्ये त्यांचे दुसरे लग्न झाले. पत्नी गिरिजा, सासरचे नाव सरस्वती. यांच्याविषयी पुढे लिहिणार आहे. त्यानंतर पुराणवस्तू खात्यात फोटोग्राफर आणि नकाशे काढणारा म्हणून त्यांनी काही वर्षे नोकरी केली. स्वदेशीचे वारे सुटले तसे ती सोडली आणि लोणावळ्याला छापखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठीही त्यांनी दगडावरच्या छपाईचे काम केले. आपल्या आजीपणजीच्या देवघरातल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी ज्या छपाईने घरोघर गेल्या, तीच ही छपाई. नवी रंगीत यंत्रे पाहायला ते १९०९ साली जर्मनीला जाऊन आले. पण भागीदारांशी बिनसले आणि चाललेला धंदा सोडून ते उठले. वय चाळीस. हातात काही नाही.

येथे थोडे विषयांतर करते. आजच्या कलात्मक छायाचित्रांच्या एका पुस्तकात मी बंगळुरूच्या पुष्पमाला एन्. यांचे काम पाहिले. २००० ते २००४ या काळात क्लेअर आर्नी यांच्याबरोबर केलेल्या छायाचित्रमालेत त्या स्वतःच रविवर्म्याच्या चित्रातली लक्ष्मी होऊन, रंगवलेल्या पडद्यापुढे, दागिने आणि कमळ घेऊन कॅमेऱ्यासमोर उभ्या आहेत. आधी मला वाटले की ही जुनी तसबीरच आहे. मग कळले की फोटो आहे आणि मुद्दाम तसा काढला आहे. बाई म्हणजे अशी दिसावी हे आपल्या डोळ्यांना शिकवले कोणी, असा तो प्रश्न असावा. फाळक्यांचे सारे आयुष्य याच तीन गोष्टींत गेले होते, पडदा, पोशाख आणि कॅमेरा. ज्याला आज गॅलरीत कला म्हणून मान आहे ते त्यांनी पोटासाठी, अर्धवट उजेडात, उसन्या पैशावर केले.

१९१०-११ च्या सुमारास गिरगावात तंबूच्या थिएटरात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपले राम-कृष्ण असे पडद्यावर कधी चालतील हा एकच विचार डोक्यात शिरला. मग रोज चित्रपट पाहायचे, किंमतपत्रके मागवायची, रात्र-रात्र जागायचे. डोळे इतके बिघडले की काही दिवस दिसेनासे झाले. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडायचे यंत्र मागवण्याची व्यवस्था केली आणि दोन महिन्यांत परतले.

पण मला त्यांची सर्वांत आवडलेली कृती चित्रपट म्हणण्याइतकीही मोठी नाही. कुंडीत एक वाटाण्याचा दाणा पेरून त्याच्यासमोर त्यांनी कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज एक-एक चित्र घेतले. मग ती सारी चित्रे सलग पडद्यावर सोडली. दाणा फुटला, कोंब वर आला, वेल चढला, मिनिटभरात. आमचा सारा जन्म शेतात जातो, पेरलेले उगवले की नाही हे आम्ही रोज पहाटे जाऊन पाहतो, पण उगवताना कोणी पाहिलेले नाही. फाळक्यांनी ते दाखवले. फोटो जिवाला खाऊन टाकतो म्हणणाऱ्यांना याहून सरळ उत्तर ते काय द्यायचे? हे पाहून पैसा लावायला माणसे तयार झाली.

तरी पैसा पुरेना, तेव्हा सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले. दागिने देणाऱ्या बायका आपल्याकडे पुष्कळ आहेत, त्यांचे कौतुक एका ओळीत होते. सरस्वतीबाईंचे काम त्याहून मोठे आहे. कच्ची फिल्म तेव्हा कडेला भोके न पाडता येई. ती भोके रात्री अंधारात, हाताच्या अंदाजाने, त्या पाडत. जरा उजेड शिरला की फिल्म गेली. फिल्म धुण्याची रसायने त्या कालवत. उन्हात चित्रण चालले असता नटांच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत. आणि पन्नास-साठ माणसांचा स्वयंपाक, तो तर होताच. आज याला तंत्रज्ञ म्हणतात आणि पडद्यावर नाव येते. मी जितकी पुस्तके चाळली त्यांत फाळक्यांची साथ देणारी पत्नी असा त्यांचा उल्लेख आहे. मला तो अपुरा वाटतो.

ज्या घरात एक बाई अंधारात फिल्म घडवत होती, त्याच घरच्या चित्रपटात काम करायला मात्र बाई मिळेना. नाटकात पुरुषच स्त्रीपार्ट करत, तिथे कॅमेऱ्यासमोर कोण येणार? शेवटी ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहातला आचारी, अण्णा साळुंके, तारामती झाला. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र, आणि फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई कॅमेऱ्यासमोर आल्या, आणि पडद्यावर बाईच्या जागी बाई दिसली. बिऱ्हाड नाशिकला गेले. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये साळुंक्यांनी राम आणि सीता दोघेही केले. लोकांनी ते पाहून हात जोडले. कॅमेऱ्याला भिणारा समाज पंधरा-वीस वर्षांत कॅमेऱ्याने काढलेल्या रामाच्या पाया पडू लागला होता. ही भीती गेली की तिने फक्त कूस बदलली, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

१९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली ती फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, सात वर्षांची. चित्रपटाच्या सुरुवातीला तिचा नुसता चेहरा आहे. कथा नाही, देव नाही. ती हसते, रागावते, रुसते, आणि मग तोच चेहरा हळूहळू कृष्णाचा होतो. हा भाग मी सरांच्या मोबाईलवर पाहिला. येथे चित्रपटवाले फाळके थांबून पुन्हा जुने फोटोग्राफर झालेले दिसतात. आपल्याच लेकराला समोर बसवून त्याचा चेहरा धरून ठेवायचा. मला त्या वेळी गोध्रा आठवले.

पुढचे थोडक्यात सांगते. १९१८ साली भागीदारांसह हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. तेथेही पटले नाही. ते रागावून काशीला गेले, नाटक लिहिले, १९२२ ला परत आले. पण आता तंत्र त्यांच्या पुढे धावत होते. १९३१ साली ‘आलम आरा’ बोलू लागला. फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार झाला आणि मागून त्याला आवाज जोडावा लागला. कोल्हापूरला १९३७ साली त्यांनी ‘गंगावतरण’ काढला. तो त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचा चित्रपट. सुमारे शंभर चित्रपट काढलेला हा माणूस १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला वारला, तेव्हा हाताशी काही उरले नव्हते. जे यंत्र त्यांनी सगळ्यांच्या आधी उघडून पाहिले, त्याच्याच पुढच्या पिढीने त्यांना बाजूला सारले. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला तो १९६९ साली. तिकीट निघाले १९७१ ला.

आणि ते चित्रपट? तेव्हाची फिल्म नायट्रेटची असे. ती चटकन पेट घेई, जपली नाही तर विरघळून जाई. ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भागच पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात उरला आहे, आणि तोही १९१७ साली पुन्हा केलेल्या चित्रपटाचा असावा असे काही अभ्यासक म्हणतात. म्हणजे पहिल्या भारतीय चित्रपटाचे पहिले रूप बहुधा आपल्याकडे नाही.

हे वाचून मला फार वाईट वाटले, त्याला कारण आहे. तूर पाखडणाऱ्या आजीचा तो फोटोही आमच्याकडे नाही. मोबाईल पावसात भिजला आणि बंद पडला. तालुक्याच्या एका दुकानात दाखवला. त्याने चार दिवस ठेवून घेतला आणि आतले काही निघणार नाही म्हणून परत दिला. मी फोटो कागदावर काढून घेतला नव्हता. वीस रुपयांचे काम होते.

वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून बाबा आणि मी आधारकार्ड घेऊन फोटो स्टुडिओत गेलो. तेथे आता अंधारी खोली नाही, कॉम्प्युटर आहे. हे काम त्यांच्याकडे रोजचेच. पुष्कळ म्हाताऱ्या माणसांचा दुसरा फोटोच नसतो. मुलाने कार्ड यंत्रावर ठेवले, आजीचा अंगठ्याएवढा चेहरा पडद्याएवढा केला. डोळे घाबरलेले होते. मागे त्याने निळा पडदा घातला. मग म्हणाला की कार्डावर गळ्यापर्यंतच आहे, खाली लुगडे जोडावे लागेल, रंग कोणता घालू. बाबा म्हणाले हिरवा, तिला हिरवा आवडायचा. मला माहीत होते की त्या सकाळी तिच्या अंगावर विटलेले जांभळे लुगडे होते, काठाला ठिगळ लावलेले. मी सांगितले नाही. हिरवाच घातला.